रक्ताच्या अहवालात न सापडणारा संधिवात

सांधे दुखू लागले की आपल्याकडचा रुग्ण बहुधा आधी रक्त तपासून घेतो आणि मग डॉक्टरांची पायरी चढतो. ‘वाताच्या तपासण्या’ या नावाने आरए फॅक्टर, युरिक ॲसिड आणि एएसओ असा एक ठरलेला संच छत्रपती संभाजीनगरपासून तालुक्याच्या गावापर्यंत सर्वत्र मागितला जातो, आणि त्यातला आरए फॅक्टर ‘निगेटिव्ह’ आला की ‘वात निघाला नाही’ असे समाधान मानून दुखणे अंगावर काढले जाते. या समाधानाला वैद्यकशास्त्राचा आधार नाही. आरए फॅक्टर हे शरीराच्या संरक्षणयंत्रणेने तयार केलेले एक प्रतिपिंड असून ते आमवाताच्या, म्हणजे रुमॅटॉइड संधिवाताच्या, बहुसंख्य रुग्णांत आढळते; परंतु सोरायसिस या त्वचारोगाच्या जोडीने येणाऱ्या संधिवातात ते सहसा आढळत नाही, आणि ते न आढळणे हीच त्या रोगाची एक खूण मानली जाते. ज्या अहवालामुळे रुग्ण निर्धास्त होतो, तोच अहवाल जाणत्या डॉक्टरला सावध करतो.

सोरायसिसमध्ये त्वचेच्या पेशी नेहमीच्या कितीतरी पट वेगाने तयार होतात, त्यामुळे कोपर, गुडघे, कंबर आणि डोक्याची त्वचा येथे लालसर जाड चट्टे उठून त्यांवर पांढुरके पापुद्रे धरतात. हा रोग संसर्गाने पसरत नाही. तरीही नायटा समजून त्यावर दुकानातून आणलेली मलमे चोळली जातात आणि डोक्यातला सोरायसिस वर्षानुवर्षे कोंडा म्हणून खपून जातो. या रुग्णांपैकी किती जणांचे सांधे धरतात याचा आकडा अभ्यासागणिक बदलतो. तरी तो साधारण पाचव्या ते तिसऱ्या हिश्शाच्या दरम्यान पडतो. बहुतेकांत आधी त्वचा बिघडते आणि काही वर्षांनी, पुष्कळदा दहाएक वर्षांनी, सांध्यांची पाळी येते. काहींत मात्र क्रम उलटा असतो, आणि निदान चुकते ते मुख्यतः अशांचेच.

त्वचा आणि सांधे यांचा हा संबंध फ्रेंच वैद्य आलिबेर यांनी १८१८ साली नोंदवला आणि १८६० मध्ये बाझँ यांनी त्याला वेगळे नाव दिले. पण पुढची सुमारे शंभर वर्षे अशा रुग्णाला आमवात आणि सोरायसिस हे दोन रोग योगायोगाने एकत्र झाले आहेत, असेच धरले जात होते. इंग्लंडमधील लीड्सच्या व्हर्ना राइट यांनी १९५० च्या दशकात हा समज खोडून काढायला सुरुवात केली आणि १९७३ मध्ये मॉल यांच्यासह या संधिवाताचे पाच प्रकार मांडले: बोटांच्या टोकाकडच्या सांध्यांचा, एका बाजूच्या थोड्या सांध्यांचा, आमवातासारखा दोन्ही बाजूंचा, मणक्याचा, आणि बोटे आखडवून टाकणारा विध्वंसक प्रकार. त्याच वर्षी एचएलए-बी२७ या आनुवंशिक खुणेचा पाठीचा कणा ताठ करणाऱ्या अँकिलोजिंग स्पाँडिलायटिसशी असलेला संबंध उघड झाला, आणि सोरायसिसचा संधिवात, कण्याचा हा विकार, आतड्यांच्या दाहासोबत येणारा संधिवात व काही जंतुसंसर्गांनंतर उद्भवणारा संधिवात ही एकाच कुळातली भावंडे आहेत, हे हळूहळू स्पष्ट होत गेले.

आज संशोधनात सर्वत्र वापरले जाणारे कॅस्पार निकष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. १३ देशांतील ३० केंद्रांमधल्या ५८८ रुग्णांची इतर संधिवातांच्या रुग्णांशी तुलना करून ते ठरवण्यात आले. सांधा, कणा किंवा स्नायुबंध यांचा दाह असलेल्या व्यक्तीला सध्या सोरायसिस असल्यास दोन गुण. तो पूर्वी होऊन गेला असल्यास किंवा रक्ताच्या नातेवाइकांत असल्यास एक. नखांतील बदल, संपूर्ण बोटाची सूज, आरए फॅक्टर नसणे आणि क्ष-किरण चित्रात सांध्यालगत नवे हाड दिसणे यांना प्रत्येकी एक. आणि एकूण तीन गुण भरले की या रोगात गणना, अशी ही रीत आहे. यांतल्या बहुतेक गोष्टी डोळ्यांनी पाहायच्या आणि तोंडाने विचारायच्या आहेत, प्रयोगशाळेकडे फारच थोडे सोपवले आहे, ही बाब आजच्या तपासणीप्रिय काळात मुद्दाम ध्यानात घेण्याजोगी आहे.

नखे तर या रोगाची उघडी वही आहेत. खिडकीजवळच्या उजेडात बोट तिरपे धरून पाहिले, तर नखाच्या पृष्ठभागावर शिंप्याच्या अंगुस्तानावर असतात तसे बारीक खळगे दिसतात. काही नखे टोकाकडून खालच्या मांसापासून सुटून पांढरी पडतात, तर काहींखाली तांबूस-पिवळा डाग उमटतो. नखाचे मूळ आणि बोटाचा शेवटचा सांधा यांमध्ये फार थोडे अंतर असते, आणि त्या सांध्याच्या स्नायुबंधाचे तंतू नखाच्या मुळापर्यंत पोचलेले असतात, त्यामुळे एकाचा दाह दुसऱ्यापर्यंत जातो. स्नायुबंध जेथे हाडाला चिकटतो, तेथेच या कुळातल्या रोगांची सुरुवात होत असावी, अशी मांडणी डेनिस मॅकगोनॅगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये केली. टाच का दुखते, याचे उत्तर या मांडणीत मिळते. सकाळी पलंगावरून पाय खाली टेकताच टाचेत कळ उठते आणि ती ‘हाड वाढले आहे’ या शब्दांत निकालात काढली जाते. पण त्याच माणसाच्या कानामागे किंवा बेंबीत सोरायसिसचा लहानसा चट्टा लपलेला असू शकतो आणि तो सहसा कोणी पाहत नाही.

हे सारे सामान्य माणसालाही तपासता यावे म्हणून ब्रिटनमध्ये पाच प्रश्नांची एक छोटी चाचणी तयार झाली आहे. एखादा सांधा कधी सुजला होता का, डॉक्टरांनी कधी संधिवात असल्याचे सांगितले का, नखांवर खळगे आहेत का, टाच दुखते का, आणि हाताचे किंवा पायाचे एखादे बोट कारणावाचून मुळापासून टोकापर्यंत सुजून दुखले का, असे ते प्रश्न आहेत. सोरायसिस असलेल्या व्यक्तीकडून यांपैकी तीन किंवा अधिक प्रश्नांना ‘होय’ असे उत्तर आले, तर तिने संधिवाततज्ज्ञाकडे जावे.

प्रश्न विचारून रोग हुडकण्याची ही वाट महाराष्ट्राला नवी नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि संधिवातशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना यांच्या कॉपकॉर्ड या उपक्रमाखाली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ मध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर पाहणी केली. रुग्ण दवाखान्यात येण्याची वाट न पाहता प्रशिक्षित स्वयंसेवक त्याच्या दारी गेले. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्क्यांना सांधे, स्नायू किंवा पाठ यांची काही ना काही दुखणी होती. मात्र आमवात केवळ अर्ध्या टक्क्याच्या आसपास निघाला, आणि बाकीचा मोठा वाटा झिजेचा, स्नायूंच्या ओढाताणीचा आणि नेमके नाव देता येणार नाही अशा दुखण्यांचा होता. शेतातल्या वाकण्या-उचलण्याच्या कामांनी थकलेल्या मराठवाड्यातल्या गावांनाही या चित्रात स्वतःचे रूप ओळखू येईल. दाहक संधिवाताचे थोडे रुग्ण साध्या दुखण्यांच्या एवढ्या मोठ्या गर्दीत हरवतात, आणि म्हणून सगळ्यांचे रक्त तपासत बसण्यापेक्षा गर्दीतून नेमकी माणसे वेगळी काढणारे प्रश्न अधिक मोलाचे ठरतात. झिजेचे दुखणे कामाने वाढते आणि विश्रांतीने शमते. दाहाचे दुखणे पहाटे झोपमोड करते, सकाळी अर्धा तास किंवा त्याहून अधिक वेळ अंग आखडून ठेवते आणि हालचालीने सैल होते. एवढा एक फरक जरी नीट विचारला, तरी निम्मे काम होते.

या गर्दीत चिकनगुनियाची भर पडली. १९७३ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शीत या तापाची साथ आली होती. पुढे तो जवळपास विस्मरणात गेला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रभर परतला. त्यात बहुतेकांची सांध्यांची सूज काही आठवड्यांत किंवा महिन्यांत ओसरते, तरी तेव्हापासून कोणतीही चिवट सांधेदुखी त्या जुन्या तापाच्या खात्यावर मांडण्याची सवय जडली आहे. युरिक ॲसिडचेही तसेच आहे. सोरायसिसमध्ये ते थोडे वाढलेले असू शकते, आणि मग सुजलेले बोट पाहून वातरक्ताची, म्हणजे गाउटची, औषधे सुरू होतात.

उशिराची किंमत किती, याचे उत्तर आयर्लंडमधील एका अभ्यासाने २०१५ मध्ये दिले: लक्षणे सुरू झाल्यापासून सहा महिन्यांहून अधिक काळ तज्ज्ञाकडे न पोचलेल्या रुग्णांत पुढे हाडांची झीज आणि हालचालींतले अपंगत्व अधिक आढळले. आपल्याकडे हे सहा महिने बऱ्याचदा पुड्यांत आणि इंजेक्शनांत जातात. ‘वातावरचे रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या निनावी पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते, त्यामुळे दोन दिवसांत आराम पडतो. पण सोरायसिसच्या रुग्णाने तोंडावाटे घेतलेले स्टेरॉइड अचानक थांबवले, तर सर्वांगावर लाली पसरण्याचा किंवा पुवाळलेल्या पुटकुळ्या उठण्याचा धोका असतो, आणि तो प्राणावर बेतू शकतो. अशी पुडी चालू असल्यास ती लपवू नये आणि परस्पर बंदही करू नये. ती डॉक्टरांसमोर ठेवावी.

उपचारांत पहिल्यांदा बहुधा मेथोट्रेक्सेट येते. त्याच्या कथेचा एक धागा मुंबईच्या गिरणगावात आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स ही इंग्रज संशोधिका मुंबईत आली ती गिरणीकामगार गर्भवतींच्या पांडुरोगाचे कारण शोधायला, आणि यीस्टच्या अर्काने तो बरा होतो असे तिने दाखवले. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेने तो कृत्रिमरीत्या तयार केला आणि त्याच्या कामात अडथळा आणणारी अमिनोप्टेरिन व मेथोट्रेक्सेट ही औषधेही घडवली. १९५१ मध्ये रिचर्ड गब्नर यांनी आमवातासाठी अमिनोप्टेरिन देऊन पाहिले, तेव्हा सोबतचा सोरायसिसही निवळल्याचे त्यांच्या लक्षात आले. रुग्णाच्या डबीत आज मेथोट्रेक्सेट आणि फॉलिक ॲसिड शेजारी असतात, आणि तेथेच सर्वांत मोठा धोका दडलेला आहे, कारण दोन्ही गोळ्या अनेकदा लहान आणि पिवळ्याच असतात. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. ते चुकून रोज घेतले गेल्यास तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. म्हणून वार ठरवून तो पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहावा, वाचता न येणाऱ्या रुग्णाची गोळी घरातल्या एकाच माणसाने द्यावी, आणि रक्तपेशी व यकृत यांची तपासणी सांगितलेल्या वेळी चुकवू नये. मद्य वर्ज्य करावे; अपत्याचा विचार असलेल्या दांपत्याने तो काही महिने आधी बोलून दाखवावा. २०१२ मधील एका चाचणीत सांध्यांवर या औषधाचा परिणाम अपेक्षेपेक्षा बेताचाच निघाला. तेव्हा काही महिन्यांत सूज उतरत नसेल, तर तेच औषध नुसते ओढत नेण्यात अर्थ नाही.

त्यापुढच्या पायरीवर जैविक औषधे येतात. दाह पेटता ठेवणाऱ्या टीएनएफ, इंटरल्युकिन-१७ यांसारख्या रासायनिक दूतांना ती नेमकी अडवतात. या संधिवातात एटानर्सेप्ट या टीएनएफरोधकाचा उपयोग दाखवणारी चाचणी २००० साली प्रसिद्ध झाली. ही औषधे महाग असतात. मात्र डिसेंबर २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने अडालिमुमॅबची जगातली पहिली समरूप आवृत्ती भारतात आणली आणि किंमत बरीच खाली आली. सांधे आणि खिसा यांच्याइतकाच येथे क्षयरोगाचाही विचार करावा लागतो. आपल्याकडे पुष्कळांच्या शरीरात क्षयाचे जंतू सुप्त असतात आणि टीएनएफ अडवल्यावर ते जागे होऊ शकतात, म्हणून छातीचे क्ष-किरण चित्र व सुप्त क्षयाची चाचणी यांवाचून ही इंजेक्शने सुरू करू नयेत, आणि घरात कोणाला क्षय होऊन गेला असल्यास ते आपणहून सांगावे.

औषध कोणते, याइतकेच ते किती बारकाईने सांभाळले जाते, यालाही महत्त्व आहे. ब्रिटनमधील २०६ रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. दर चार आठवड्यांनी तपासून औषध बदलत नेलेल्या गटात ४८ आठवड्यांनंतर ६२ टक्के रुग्णांत ठरलेली किमान सुधारणा दिसली, तर नेहमीच्या पद्धतीने बारा आठवड्यांनी तपासलेल्या गटात ती ४४ टक्क्यांत दिसली. मात्र पहिल्या गटात दुष्परिणामही अधिक नोंदले गेले. कन्नड किंवा वैजापूरहून दर चार आठवड्यांनी मजुरी बुडवून शहरात यायचे हे प्रत्येकाला परवडणारे नाही, हे डॉक्टरांनीही समजून घेतले पाहिजे. रक्ताच्या नियमित तपासण्या तालुक्याला करून घेता येतात, तज्ज्ञाची भेट थोड्या अंतराने ठरवता येते आणि मधल्या काळात गावातल्या डॉक्टरांना उपचाराची चिठ्ठी दाखवून ठेवता येते. सूज येऊन-जाऊन असते आणि नेमकी भेटीच्या दिवशी ती उतरलेली असते, असा पुष्कळांचा अनुभव आहे; म्हणून बोट किंवा घोटा सुजलेला असेल त्या दिवशीच मोबाइलवर त्याचे छायाचित्र काढून ठेवावे, नखे रंगवलेली असल्यास रंग पुसून जावे आणि जुन्या चिठ्ठ्यांसोबत त्वचेवर लावलेल्या मलमांच्या नळ्याही पिशवीत टाकाव्यात.