हृदयातील जुनी तार : काढावी की ठेवावी?

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण. वक्त्या मंडळाच्या सभासद असून निवृत्त परिचारिका आहेत.)



 चिटणीसबाईंनी "आरोग्यावर काहीतरी सांगा" एवढेच म्हटले होते. विषय माझा मीच निवडला. आपल्या आळीतली पाच घरे मला ठाऊक आहेत, जिथे कुणा ना कुणाच्या छातीत पेसमेकर आहे. त्यांतल्या तिघी तर आपल्या सभासदच आहेत. पेसमेकर बसवितात कसा, हे आता पुष्कळांना माहीत झाले आहे. पण त्याची तार जुनी झाली, बिघडली किंवा तिला जंतुदोष झाला म्हणजे काय करावयाचे, हे सहसा कोणी सांगत नाही. माझ्या नोकरीची शेवटची बारा वर्षे हृदयाच्या शस्त्रक्रियागृहात गेली. तेथे जे पाहिले आणि शिकले ते सांगते. भीती घालण्याचा हेतू नाही, पण गोड करूनही सांगणार नाही.

प्रथम यंत्राची ओळख करून घेऊ. पेसमेकरचे दोन भाग असतात. एक लहानशी डबी. ती गळ्याच्या हाडाखाली, बहुधा डाव्या बाजूला, कातडीखाली ठेवतात. दुसरा भाग म्हणजे तार. डॉक्टर तिला 'लीड' म्हणतात. ही तार खांद्याजवळच्या नीलेतून आत शिरते, छातीतल्या मोठ्या नीलेतून उतरते आणि हृदयाच्या उजव्या कप्प्यात जाऊन टेकते. कुणाला एक तार असते, कुणाला दोन, कुणाला तीन. डबीची बॅटरी साधारण आठ-दहा वर्षांनी संपते. तेव्हा डबी बदलतात. तार मात्र तीच ठेवतात. त्यामुळे डबी नवी आणि तार वीस वर्षांची, असे पुष्कळदा असते.

या यंत्राचा इतिहासही एका बाईच्या चिकाटीमुळे घडला आहे, म्हणून थोडक्यात सांगते. स्वीडनमध्ये आर्ने लार्सन नावाचे गृहस्थ हृदयाचे ठोके मंदावल्यामुळे दिवसातून वीस-तीस वेळा बेशुद्ध पडत. त्यांची पत्नी एल्से-मारी शल्यचिकित्सक ओके सेनिंग आणि अभियंते रुने एल्मक्विस्ट या दोघांच्या मागे लागली. शरीरात ठेवण्याजोगे यंत्र तयार नाही, असे त्यांनी सांगितले. "मग तयार करा," असा तिचा हट्ट. एल्मक्विस्ट यांनी बुटाच्या पॉलिशच्या डबीचा साचा करून यंत्र ओतले आणि ८ ऑक्टोबर १९५८ रोजी ते बसविण्यात आले. ते काही तासांतच बंद पडले, दुसरे बसवावे लागले. पुढे आयुष्यभरात लार्सन यांना सव्वीस पेसमेकर लागले. २००१ साली वयाच्या ८६ व्या वर्षी ते वारले, तेही दुसऱ्याच आजाराने. यंत्र करणारे एल्मक्विस्ट आणि ते बसविणारे सेनिंग हे दोघेही त्यांच्या आधी गेले होते!

लार्सन यांच्या तारा छाती उघडून हृदयाच्या बाहेरच्या अंगाला शिवल्या होत्या. त्याच १९५८ साली न्यूयॉर्कमध्ये डॉ. सीमूर फर्मन यांनी नीलेतून तार आत नेऊन हृदय चालविता येते हे दाखविले. त्यामुळे छाती उघडण्याचे संकट टळले. परंतु एक नवा प्रश्न त्यातूनच जन्माला आला. तार आत घालणे सोपे झाले, पण ती परत काढावी लागली तर?

शरीराला परकी वस्तू सहन होत नाही. ती बाहेर टाकता येत नसेल, तर शरीर तिच्याभोवती वेष्टन तयार करते. तारेभोवतीही असेच तंतुमय आवरण चढते. पहिल्या काही महिन्यांत ते मऊ असते, पुढे चिवट होते, आणि दहा-पंधरा वर्षांनी काही ठिकाणी त्यात चुना साठून ते कठीण बनते. ज्याने जुन्या भिंतीवरून पिंपळाचे रोप उपटून पाहिले आहे त्याला ही अडचण लगेच कळेल. तार नीलेच्या भिंतीला चिकटते, हृदयाच्या झडपेला चिकटते, आणि टोकाशी हृदयाच्या मांसात रुतते. म्हणून एक वर्षाच्या आतली तार बहुधा हलक्या हाताने ओढून निघते; त्यापुढच्या तारेला खास हत्यारे आणि खास हात लागतात.

मग ती काढायचीच कशाला? याचे पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे जंतुदोष. डबीवरची कातडी लाल होते, पातळ होते, काळपट दिसू लागते, त्यातून पाणी किंवा पू येतो, कधी डबीचा कोपराच बाहेर डोकावतो. अशा वेळी ताप नसला तरी डबीला आणि तारेला जंतू लागले आहेत असेच समजावयाचे. हे जंतू तारेवर एक बुळबुळीत थर करून त्याच्याआड राहतात. औषध रक्तातून फिरते, पण त्या थराच्या आत पुरेसे पोचत नाही. म्हणून गोळ्या-इंजेक्शनांनी जखम सुकल्यासारखी वाटते आणि औषध थांबले की पुन्हा वाहू लागते. डबी आणि सगळ्या तारा काढल्याशिवाय हा जंतुदोष हटत नाही. यावर जगभरच्या हृदयतज्ज्ञांचे एकमत आहे.

तरीही उशीर होतो, आणि तो आपल्याकडेच होतो असे नाही. अमेरिकेत अशा हजारो वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा जंतुदोष ठरल्यावर महिन्याच्या आत यंत्र काढलेले रुग्ण पाचांत एकही भरले नाहीत. आणि ज्यांचे लवकर काढले त्यांच्यात मृत्यू कमी झाले होते.

माझ्या पाहण्यातली एक हकीकत सांगते. एक निवृत्त शिक्षिका होत्या, वय बासष्ट, तार चौदा वर्षांची. डबीपाशी ओल येऊ लागली. त्यांनी आधी हळद लावली, मग पदराआड झाकले. सुनेला कळले तोवर दोन महिने गेले होते. पुढे आठ महिन्यांत औषधांचे चार क्रम झाले. शेवटी हुडहुडी भरून ताप येऊ लागला, तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. तपासणीत तारेवर जंतूंचा आणि गोठलेल्या रक्ताचा पुंजका दिसला. असा पुंजका सुटला तर थेट फुप्फुसात जातो. आता काढण्यावाचून गत्यंतरच नव्हते.

पूर्वी अशा तारा कशा काढीत, ऐकाल तर नवल वाटेल. तारेच्या बाहेरच्या टोकाला दोरी बांधून, कप्पीवरून वजन सोडून, रुग्णाला दिवसेंदिवस बिछान्यावर ठेवीत. मोडलेल्या पायाला वजन लावतात ना, तसेच. कधी तार निघे, कधी तुटे, कधी हृदयच फाटे. १९८०च्या दशकात फ्लॉरिडातील डॉ. चार्ल्स बर्ड यांनी एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची पद्धत रुळविली. तारेच्या पोकळीत एक बारीक सळई घालून ती आतून घट्ट करतात. मग तारेवरून नळी पुढे सरकवीत भोवतालचे आवरण थोडे थोडे सोडवितात. १९९०च्या दशकात लेसरच्या नळ्या आल्या, आणि पुढे फिरत्या पात्याच्याही आल्या. टोकाशी पोचल्यावर नळीने हृदयाची भिंत थोपवून धरतात आणि मगच तार ओढतात, म्हणजे भिंत आत ओढली जात नाही.

यात धोके कोणते? सर्वांत भयंकर म्हणजे छातीतली मोठी नीला फाटणे. तिची भिंत पातळ असते, आणि जुनी तार नेमकी तिलाच चिकटलेली असते. वरचा भाग फाटला तर रक्त छातीच्या पोकळीत जाते. खालचा भाग फाटला तर हृदयावरणात साठून हृदयालाच दाबून टाकते. दुसरा धोका हृदयाच्या भिंतीला भोक पडण्याचा. तिसरा, उजवीकडची तीन पाकळ्यांची झडप फाटण्याचा. चौथा, पुंजका सुटून फुप्फुसात जाण्याचा. शिवाय तारेचा तुकडा आत राहणे, हातावर सूज येणे, डबीच्या जागी रक्त साकळणे, असे लहानमोठे प्रकार आहेतच.

त्या शिक्षिकाबाईंची मोठी नीलाच फाटली. रक्तदाब एकाएकी कोसळला. परंतु शल्यचिकित्सक तिथेच हात धुऊन उभे होते, रक्ताच्या पिशव्या खोलीत होत्या, आणि मांडीच्या नीलेतून एक तार आधीच वर नेऊन ठेवली होती. तिच्यावरून फुगा चढवून फाटलेली जागा आतून दाबली आणि पाच-सात मिनिटांत छाती उघडली. हा फुगा २०१६ पासून वापरात आला आहे. बाई वाचल्या. तीन आठवड्यांनी दुसऱ्या बाजूने नवा पेसमेकर बसवून घरी गेल्या. सगळ्याच वेळी असा शेवट होत नाही. माझ्या देखत एक रुग्ण टेबलावरून परत आला नाही.

म्हणून आकडे सांगते. युरोपातील एकोणीस देशांत साडेतीन हजार रुग्णांची नोंद ठेवली, ती २०१७ साली प्रसिद्ध झाली. शंभरांत सुमारे ९७ जणांचे काम यशस्वी झाले. शस्त्रक्रियेमुळे गंभीर गुंतागुंत झाली ती शंभरांत दोघांहून कमी जणांना; मृत्यू दोनशांत एक. मात्र तार दहा वर्षांहून जुनी असेल तर धोका वाढतो. जिथे हे काम क्वचित होते, तिथेही गुंतागुंत आणि मृत्यू अधिक. आणि भगिनींनो, ही गोष्ट ध्यानात धरा: पुरुषांपेक्षा स्त्रियांना हा धोका अधिक असतो. म्हणून "होईल बरे आपोआप" म्हणत दुखणे झाकून ठेवणे आपल्याला अधिकच महाग पडते.

पण तार जुनी झाली, बिघडली, की ती काढलीच पाहिजे असे मुळीच नाही. १९९४ साली टेलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या ॲक्यूफिक्स नावाच्या तारेत दोष सापडला. तिच्यातली एक बारीक तार तुटून हृदयाला टोचू शकत होती. हजारो लोकांच्या तारा घाईने काढण्यात आल्या. पुढे हिशेब झाला तेव्हा दिसले, की तुटलेल्या तारेने जितके दगावले त्याहून अधिक माणसे ती काढताना दगावली होती.

तेव्हा जंतुदोष नसेल तर तोलून पाहावे. ऐंशीच्या घरातल्या आजोबांची तार बिघडली आहे पण स्वच्छ आहे, तर ती तशीच ठेवून शेजारून नवी घालणे पुष्कळदा शहाणपणाचे. तेच पंचविशीतल्या मुलीचे असेल, तर पुढची पन्नास वर्षे एकावर एक तारा साठवून नीला बुजून जाईल. तिथे वेळेवर काढण्याचा विचार होतो. आता तारेविना, आख्खाच हृदयात बसणारा लहानसा पेसमेकरही निघाला आहे. तो सर्वांना चालत नाही, पण विचारून पाहावे.

आता घरी काय करावयाचे ते सांगून आटोपते घेते.

डबीवरची कातडी महिन्यातून एकदा आरशात पाहा. लाली, ओल, काळपटपणा दिसला तर हळद, मलम, पोटीस काही लावू नका आणि कुणाला सुई टोचून पाणी काढू देऊ नका. ज्यांनी पेसमेकर बसविला त्यांच्याकडे त्याच आठवड्यात जा.

पेसमेकर असलेल्या माणसाला ताप आला आणि तो उतरत नसेल, तर डॉक्टरांना "छातीत पेसमेकर आहे" हे आपण होऊन सांगा. औषध सुरू होण्यापूर्वी रक्तात जंतू आहेत का हे तपासून घेण्याविषयी विचारा.

तार काढण्याचे ठरले, तर संकोच न करता चार प्रश्न विचारा. आपण अशा तारा वर्षाला किती काढता? छाती उघडणारे शल्यचिकित्सक त्या वेळी तिथेच हजर असतील का? रक्ताची तयारी किती? आणि रुग्णाचे हृदय पेसमेकरवरच चालत असेल, तर मधल्या दिवसांची सोय काय? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर मोठ्या रुग्णालयात जाण्याचा खर्च आणि त्रास सोसावा.

शेवटची विनंती. पेसमेकर बसविल्यावर एक छोटे कार्ड देतात. त्यावर डबीचे, तारांचे नाव आणि बसविल्याची तारीख असते. ते बहुतेक घरांत कपाटाच्या तळाशी पडलेले असते. आज घरी गेल्यावर ते शोधा आणि त्याच्या दोन प्रती काढा. एक पर्समध्ये ठेवा, एक सुनेजवळ किंवा मुलीजवळ द्या. ज्यांना ते वाचता येत नसेल त्यांनी मंगळवारी दुपारी मंडळात घेऊन यावे. मी चार वाजेपर्यंत तिथेच असते.