गल्लीच्या टोकाचे घर
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



भाषण करण्याची मला सवय नाही. मी सातवीपर्यंत शिकलेली, घरसंसारातच रमलेली बाई. पण अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्ही घरातल्या पाण्याचा हिशेब ठेवता ना, तोच सांगा." म्हणून धीर करून उभी राहिले आहे. चुकले-माकले तर सांभाळून घ्यावे.

माझे माहेर तळोद्याच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी. तिकडे पाऊस कमी नव्हता. पण डोंगरावर पडलेले पाणी नाल्यात आणि तेथून तापीकडे निघून जाई. होळी झाली की नाला कोरडा. मग वाळूत झिरा उकरायचा आणि पाझरेल तसे पाणी वाटीने हंड्यात भरायचे. एका हंड्याला अर्धा-पाऊण तास लागे. सातवीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावी होती. आई मजुरीला जाई. मी शाळेला गेले तर पाणी कोणी आणायचे, ह्या प्रश्नावर माझी शाळा संपली. त्या दिवसांत भाजी धुतलेले पाणीही आम्ही शेळीपुढे ठेवत असू. ते कोणी शिकवावे लागले नव्हते.

लग्न होऊन तळोद्याला आले, घरात नळ पाहिला, आणि तीच मी उधळी झाले! नळ आला की कालचे पाणी 'शिळे' म्हणून मोरीत ओतायचे. भांडी वाहत्या नळाखाली घासायची. पुढे आम्ही नळाला मोटर लावली. वरची टाकी भरून पाणी अंगणात वाहू लागले, की मग बटण बंद करायचे.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या आजी कळशी घेऊन दारात आल्या. म्हणाल्या, "सूनबाई, तुझ्या अंगणातले पाणी वाहत माझ्या दारापर्यंत येते, पण माझ्या नळाला येत नाही. एक कळशी देतेस का?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यामुळे तर मला जास्तच लाज वाटली.

नळ दुरुस्त करणाऱ्याला विचारले, तेव्हा कळले ते असे. पाइप एकच असतो. पुढच्या घरांनी मोटरने पाणी ओढले की टोकाच्या घरापर्यंत जोर पोचत नाही. शिवाय पाइपाला कोठे भेग असली, तर मोटर तेथून गटाराचे पाणीही आत ओढते. म्हणजे शेजाऱ्याचे पाणी आणि आपल्या पोरांचे दुखणे, दोन्ही आपणच ओढून आणतो!

मी म्हटले, मोटर काढू. हे म्हणाले, "सगळेच लावतात. आपण एकट्याने काढून काय होणार? आणि आपल्याला पाणी पुरेल कसे?" मी म्हटले, आधी मोजून तर पाहू.

आमची बादली १५ लिटरची आणि घरात माणसे पाच. आठ दिवस मोजले, तर रोज ५० बादल्या भरल्या. म्हणजे ७५० लिटर, माणशी १५०. शहरात माणशी १३५ लिटर धरतात. २०१९ साली सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसासाठी ५५ लिटर धरले आहे. झिऱ्यावरची मुलगी जवळजवळ तिप्पट पाणी वापरत होती!

मग एकेक गळती शोधली. मोरीचा नळ ठिबकत होता. रात्री दहाला त्याखाली बादली ठेवली, ती सकाळी सहाला अर्धी भरली होती. म्हणजे दिवसरात्र मिळून दीड बादली. पाच-दहा रुपयांच्या वायसरने ते थांबले. भांडी आता आधी राखेने वा साबणाने घासून दोन टोपांत विसळते. कपडे विसळलेले पाणी संडासात आणि फरशीला जाते. पाणी शुद्ध करण्याचे आर.ओ. यंत्र एक हंडा देताना दोन-तीन हंडे नळीवाटे सोडून देते. ते पाणी बादलीत धरून भांड्यांना वापरते. ते खारट असते, म्हणून तुळशीला मात्र घालत नाही. तिला तांदूळ धुतलेले पाणी. झाकलेले पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. डासांसाठी आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा तो पाळावाच. पण त्या दिवशी पिंप रिकामे होते ते धुण्यासाठी, गटारासाठी नव्हे.

आज आमच्या घरी ३४ बादल्या लागतात. कोणाची आंघोळ बुडाली नाही. एक मात्र सांगते, हा नियम सुनेला किंवा मुलीलाच लावू नका. आमच्याकडे मुलगाही बादलीनेच आंघोळ करतो.

मोटर आम्ही टाकून दिली नाही. अंगणात एक टाकी ठेवली. नळाचे पाणी आपल्या जोराने तिच्यात येते, मग मोटर तिच्यातून वर चढवते.

आजींच्या नळाला आता पाणी येते का? येते, पण रोज नाही. गल्लीत अजून काही मोटरी थेट नळावर आहेत. नावे घेणार नाही. कालपर्यंत त्यांत माझेच घर पहिले होते.

२०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी न्यावे लागले. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर होते. तशी वेळ आपल्यावर आली नाही, पण गल्लीच्या टोकाच्या घराला ती रोजच आहे. मुंबईत गोरेगावला मृणालताई गोरे बायकांना घेऊन पाण्यासाठी भांडल्या, म्हणून लोक त्यांना 'पाणीवाली बाई' म्हणत. आपल्याला तर भांडायचेही नाही. फक्त आपल्याच नळाशी थोडे थांबायचे आहे.

माझी मंडळाला एक विनंती आहे. पुढच्या बैठकीला प्रत्येकीने आपल्या घरच्या बादल्या मोजून याव्यात, आणि आपल्या गल्लीच्या टोकाच्या घरी जाऊन त्यांचा नळ पाहून यावा. ज्यांना टाकीची जोडणी पाहायची असेल त्यांनी माझ्याकडे यावे. चहा मी करीन.