लेकराचं कोपर मोडलं तर



आज आम्ही लेकरांच्या हाताबद्दल चार गोष्टी सांगणार आहोत.

पोरं झाडावर चढतात, बैलगाडीवरून उड्या मारतात. पडताना हात पुढे टेकतात. कोपराच्या जरा वर हाड पातळ असतं. ते तिथं मोडतं. ५ ते ७ वर्षांच्या पोरांत हे फार घडतं.

कोपर सुजतं. रात्र झालेली असते. वाहन मिळत नाही. कोणी म्हणतं, "तेल लावून चोळा." कोणी म्हणतं, "कांब्या लावून घट्ट बांधा." मंडळी, इथंच घात होतो.

का होतो, ते ऐका. हाताला रक्त नेणारी मोठी शीर कोपराच्या पुढून जाते. मोडलेलं हाड तिला दाबू शकतं. त्यात सूज चढते. वरून घट्ट पट्टी बसली की रक्त अडतं. पाटाचं पाणी अडलं की पुढचं पीक वाळतं, तसंच हे आहे. सुमारे ६ तास रक्त मिळालं नाही, तर हाताचं मांस मरू लागतं. मग बोटं आत वळतात. पंजा जन्मभर आखडतो. फोल्कमान नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८८१ साली हे लिहून ठेवलं. दोष एकट्या हाडवैद्याचा नाही. दवाखान्यातलं प्लास्टर घट्ट झालं तरी हेच होतं.

मग उशीर होणार असेल तर काय करावं?

हात आहे तसा ठेवावा. ओढू नये. सरळ करू नये. जोरानं दुमडूही नये. बांगडी, कडं, मनगटाचा दोरा लगेच काढावा. कापडात गुंडाळलेल्या पुठ्ठ्याचा आधार द्यावा आणि सैल बांधावं. जखम असेल तर स्वच्छ कापडानं झाकावी. दवाखान्यात भूल द्यावी लागेल, म्हणून वाटेत खाऊ घालू नये.

आणि पुन्हा पुन्हा बोटं पाहावी. बोटं गार पडली का? पांढरी किंवा निळी झाली का? मुंग्या येतात का? बोटं सरळ केली की लेकरू किंचाळतं का? असं दिसलं तर पट्टी त्याच घटकेला सोडा. सकाळची वाट पाहू नका. १०८ नंबर फिरवा. ती गाडी फुकट येते. रिसोडला ग्रामीण रुग्णालय आहे, वाशीमला जिल्ह्याचं रुग्णालय आहे. प्लास्टर घालून घरी आल्यावरही दोन दिवस बोटांवर नजर ठेवा. तीच लक्षणं दिसली तर लगेच परत जा.

आठ-पंधरा दिवस लोटले असतील तर? तरीही जा. डॉक्टर रागावतील म्हणून घरी बसू नका. एक्स-रे काढू द्या. लेकराचं हाड ३-४ आठवड्यांत जुळतं. वाकडं जुळलं, तर पुढं ऑपरेशन करून ते सरळ करता येतं. आखडलेलं कोपर मात्र चोळू नका, ओढू नका. त्यानं मांसात नवं हाड धरतं आणि कोपर आणखी आखडतं. डॉक्टर सांगतील तेव्हा लेकराला आपल्या आपण हात हलवू द्या.

मंडळी, एवढं ध्यानात ठेवा. वाकडं हाड मागाहून सरळ होतं. मेलेलं मांस परत येत नाही. म्हणून आधी बोटं पाहा, मग हाडाची काळजी करा.