शिफारसपत्र कोणाकडे मागावे?

(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



परदेशातील उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज भरायची वेळ आली की आपल्या घरांतून पहिला प्रश्न निघतो, 'ओळखीचे कोणी मोठे आहे का?' मग काकांच्या परिचयाचे आमदार आठवतात, शेजारचे निवृत्त न्यायाधीश आठवतात. ज्या प्राध्यापकांनी तीन वर्षे मुलाचे लेखन तपासले, त्यांचे नाव शेवटी निघते. हा क्रम उलटा आहे.

एका जुन्या पत्राचे उदाहरण घ्या. १९०६ साली लंडनमध्ये पं. श्यामजी कृष्ण वर्मा यांच्याकडे शिष्यवृत्त्यांसाठी अर्ज येत होते. शिवाजी शिष्यवृत्ती सरदारसिंह राणा यांनी ठेवलेली होती. घेणाऱ्याने इंग्रज सरकारची चाकरी करू नये, ही अट होती. लोकमान्य टिळकांनी तरुण सावरकरांसाठी शिफारस केली. एवढ्या गर्दीत कोणा एकाची विशेष शिफारस करण्यात अर्थ नाही, हे त्यांनी आरंभीच मान्य केले. पुढे मोजकेच लिहिले : हा तरुण स्वदेशीच्या कार्यात इतका उत्साही आहे की त्यापायी त्याने फर्ग्युसन महाविद्यालयाच्या चालकांचा रोष ओढवून घेतला; सरकारी नोकरी करण्याचा त्याचा विचार नाही; चारित्र्य उत्तम आहे.

विशेषणांची आरास कोठेही नाही. उत्साही म्हटले, तर लगेच पुरावा दिला. शिष्यवृत्तीची अट कोणती, हे ओळखून नेमके तिचे उत्तर दिले. टिळकांचे नाव मोठे होतेच. पण ते सावरकरांना जवळून ओळखत होते, म्हणून ही वाक्ये लिहू शकले. परिचय नसलेला न्यायाधीश 'होतकरू व हुशार' यापलीकडे काय लिहिणार?

अलीकडे एक वाईट प्रथा पडली आहे. विद्यार्थी स्वतःच मजकूर लिहून आणतो आणि सर सही करतात. दोन्ही पत्रांची भाषा एक, चुकाही एक! निवड करणाऱ्यांना ते कळत नाही असे समजू नये. शिक्षकांना आपला निबंध, प्रकल्प, गुणपत्रिका आणि अंतिम तारीख द्यावी. लिहू त्यांनाच द्यावे. एखादे शिक्षक 'मी तुला पुरेसा ओळखत नाही' म्हणाले, तर त्यांचे उपकार मानावेत.

आता मुलाखत. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीपूर्वी सयाजीराव महाराजांनी डॉ. आंबेडकरांना काय विचारले, ते चरित्रकारांनी नोंदविले आहे. कोणता विषय शिकणार आणि त्याचे पुढे काय करणार, असे ते प्रश्न होते. समाजशास्त्र, अर्थशास्त्र, विशेषतः सार्वजनिक वित्त. आणि त्यातून आपल्या समाजाच्या उन्नतीचा मार्ग शोधणार, असे उत्तर मिळाले. परतल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करारही झाला.

आजही हेच विचारतात. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत शिक्षणानंतर किमान दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट आहे. तेथे 'देशसेवा करीन' हे पाठ केलेले वाक्य दुसऱ्याच प्रश्नाला गळून पडते. भूजलाचा अभ्यास करणार असाल, तर माण-खटावच्या विहिरींविषयी पाच मिनिटे बोलता आले पाहिजे. पालकांनी घरी मुलांना उत्तरे शिकवू नयेत, प्रश्न विचारावेत. तेही जेवणाच्या पानावर, सहजपणे.

आणखी एक व्यावहारिक गोष्ट. चेव्हनिंगमध्ये दोन शिफारसपत्रे मुलाखतीसाठी निवड झाल्यावर लागतात, म्हणून अनेक जण तोवर निवांत असतात. मग शिक्षक परीक्षेच्या कामात बुडालेले सापडतात. अर्ज भरतानाच त्यांच्या घरी जाऊन कल्पना द्यावी.