शिडी कोणाची, माडी कोणाची?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



२३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा आर्थर वेलस्ली पुढे वॉटर्लूचा विजेता, ड्यूक ऑफ वेलिंग्टन आणि जानेवारी १८२८ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला. सेनापती म्हणून त्याची थोरवी सर्वमान्य आहे. प्रश्न राज्यकर्त्याचा आहे. हा कट्टर स्थितिवादी उमराव लोकांपुढे केव्हा नमला आणि नमताना त्याने काय काढून घेतले?

आयर्लंडची बहुसंख्य जनता कॅथलिक होती. पण स्वधर्माला नाकारणारी शपथ घेतल्यावाचून कॅथलिकाला पार्लमेंटात बसता येत नसे. डॅनियल ओ'कॉनेल यांच्या कॅथलिक असोसिएशनने १८२४ मध्ये महिना एक पेनी वर्गणी सुरू केली आणि त्या पेनीने गरीब कूळ चळवळीचे धनी झाले. वर्षाकाठी ४० शिलिंग किमतीच्या जमिनीवर अशा कुळांना मत होते. मतदान मात्र उघड, जमीनदाराच्या डोळ्यांदेखत. तरीही जुलै १८२८ मध्ये क्लेअरच्या पोटनिवडणुकीत त्यांनी जमीनदारांची अवज्ञा करून ओ'कॉनेल यांना निवडून दिले. यादवीचे सावट ओळखून वेलिंग्टनने माघार घेतली. राजाचा आणि स्वपक्षीयांचा विरोध मोडून काढीत त्याने एप्रिल १८२९ मध्ये कॅथलिकांना पार्लमेंट खुले करणारा कायदा संमत करून घेतला.

परंतु त्याच्या जोडीला आणखी एक कायदा आला. आयर्लंडच्या ग्रामीण मतदारसंघांत मताधिकाराची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर, म्हणजे पाचपट नेण्यात आली. ज्या कुळांनी क्लेअर जिंकले त्यांचेच मत गेले! सुशिक्षित, सधन कॅथलिकांना पार्लमेंटचे दार उघडले. ज्यांच्या खांद्यावर उभे राहून ते उघडले, ते बाहेरच राहिले.

इंग्लंडातही हेच घडले. नोव्हेंबर १८३० मध्ये वेलिंग्टनने उमरावांच्या सभागृहात प्रचलित निवडणूक पद्धतीचे निःसंकोच समर्थन केले आणि पंधरवड्यात त्याचे मंत्रिमंडळ कोसळले. मे १८३२ मध्ये राजाने त्याला पुन्हा पाचारण केले. पण देश इतका खवळला होता की त्याला मंत्रिमंडळ बनविता आले नाही. जूनमध्ये सुधारणा कायदा झाला. सभा-मोर्चांत कामगार मध्यमवर्गाच्या बरोबरीने लढला होता. मत मिळाले ते प्रामुख्याने मध्यमवर्गाला. वंचित कामगारांनी पुढे सनदवाद्यांची चळवळ उभारली. १० एप्रिल १८४८ रोजी त्यांची सभा लंडनमध्ये भरली, तेव्हा राजधानीच्या संरक्षणाची आखणी ७८ वर्षांच्या वेलिंग्टनकडेच होती. या वेळी मध्यमवर्गातील अनेकजण खास शिपाई बनून सरकारच्या बाजूला उभे होते.

सत्ताधारी नमतो तो संघटित शक्तीपुढे, हा या इतिहासाचा अर्धा धडा. तो सर्वांना पाठ असतो. उरलेला अर्धा असा की, नमताना तो चळवळीतील वरच्या थराला आत घेतो आणि खालच्या थराला तोडतो. म्हणून विजयाच्या सभेत कार्यकर्त्याने व्यासपीठाकडे पाहण्याआधी गर्दीच्या शेवटच्या रांगेकडे पाहावे. महिन्याची पेनी देणारा तिथे उभा असतो. त्याच्या हाती काय पडले, यावरूनच विजयाचे मोल ठरते.