शांत खेड्यातला खून



माझे शिक्षण बेताचे. वाचनाची गोडी लागली ती बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांनी. दिवसभर विड्या वळून बोटे दुखत, पण झुंजारसाठी रात्री डोळा मिटत नसे. पुढे अगाथा ख्रिस्ती हाती आल्या. त्यांची म्हातारी मिस मार्पल १९३० सालच्या कादंबरीत एका चिमुकल्या गावातला खून उलगडते. कशाच्या बळावर? शेजारपाजारच्या गप्पांच्या! त्या गावात खुनी एखाददुसरा. बाकीचे गाव बोलके.

आता आपल्या मोहाडी तालुक्यातले खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातली आई, मुलगी आणि दोन मुलगे जमावाने ठार मारले. प्रेते कालव्यात सापडली. यात शोधायचे काय होते? जे झाले ते भर वस्तीत झाले. तरी साक्षीला उभे राहिले ते मोजकेच. २००८ साली भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले. सहांची फाशी उच्च न्यायालयाने २०१० साली जन्मठेपेवर आणली. मात्र अत्याचार-प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. कारण मानले गेले सूडाचे, जातीचे नव्हे. रहस्यकथेत ‘का?’चे उत्तर शेवटच्या प्रकरणात मिळते. आमच्याकडे नेमके तेच पान गळाले.

संघटनेच्या कामासाठी मी गावोगाव हिंडतो. किती विड्या बाद झाल्या, मजुरी किती कापली, हे बाया मला एका दमात सांगतात. खैरलांजीचे नाव काढले, की कोणीतरी चहा ठेवायला उठते.