तोळा, ग्रॅम आणि एक विमान



घरातील जुन्या कागदपत्रांत कधी पणजीच्या दागिन्यांची यादी सापडते. ‘पाटल्या, दहा तोळे’ अशी तीत नोंद असते. वाटणीच्या वेळी कोणी म्हणतो, तोळा म्हणजे दहा ग्रॅम. तेव्हा पाटल्या शंभर ग्रॅमच्या. आजच्या सराफी व्यवहारात हे बरोबरही आहे. परंतु जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. म्हणजे साडेसोळा ग्रॅमांहून अधिक सोने हिशेबातून नाहीसे झाले, आणि त्यात कोणाची लबाडी नाही!

आपल्या देशात १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने वापरात आली. ऐंशी तोळ्यांचा शेर आणि चाळीस शेरांचा मण बाजारातून गेले. तोळ्याचे नाव मात्र राहिले आणि वजन बदलले. माप बदलणे म्हणजे केवळ गुणाकार-भागाकार, असे आपण समजतो. खरा प्रश्न त्याच्या आधीचा असतो : हाती असलेला आकडा कोणत्या मापाचा आहे?

हा प्रश्न विचारायचा राहिला, तर जाणत्या माणसांचीही कशी फसगत होते, ते कॅनडातील एका घटनेत दिसते. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचे एक नवे बोइंग विमान एडमंटनला निघाले होते. इंधन दाखविणारे यंत्र बिघडल्यामुळे टाक्यांत मोजपट्टी घालून इंधन मोजले गेले. ते ७,६८२ लिटर भरले. प्रवासाला हवे होते २२,३०० किलो. लिटरचे वजन काढण्यासाठी १.७७ ने गुणले गेले. परंतु १.७७ हा एका लिटर इंधनाच्या वजनाचा पौंडांतील आकडा होता. किलोंत तो सुमारे ०.८ आहे. कॅनडा त्या काळात जुन्या मापांतून मेट्रिक मापांत येत होता, आणि हातांना सवय पौंडांची होती. परिणामी विमान निम्म्याहूनही कमी इंधनावर उडाले. वाटेतच दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकाला इंजिनाविना उडणारी ग्लायडर चालविण्याचा अनुभव होता. त्याने गिमली येथील जुन्या विमानतळावर विमान उतरविले आणि आतील ६९ जण वाचले.

या हिशेबातील गुणाकार चुकला नव्हता. मात्र एक साधी गोष्ट ध्यानात आली असती, तर चूक तेथेच उघडी पडली असती. एक लिटर पाण्याचे वजन सुमारे एक किलो असते. विमानाचे इंधन पाण्याहून हलके. मग त्याचा एक लिटर पावणेदोन किलोंहून अधिक कसा भरेल?

म्हणून माप बदलताना तीन गोष्टी कराव्यात. प्रत्येक आकड्यापुढे त्याचे माप लिहावे. उत्तर मोठे यावे की लहान, याचा अंदाज आधी बांधावा. आणि आलेले उत्तर उलट दिशेने पुन्हा मूळ मापात आणून पाहावे. यास चार मिनिटेही लागत नाहीत.

आज आपल्या घरी दागिन्यांची नवी यादी कराल, तेव्हा तोळे लिहून थांबू नका. शेजारी ग्रॅमही लिहा. पुढे ती यादी वाचणाऱ्यांमध्ये निदान या कारणावरून तरी कटुता येणार नाही.